पट्ट्याच्या पुढची जागा

...आणि हा सुळा काही केल्या म्हातारा दिसायला तयार नव्हता. तिने तो चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला — पांढराशुभ्र, टोकदार, पहिल्या दिवशी शाळेला निघालेल्या पोरासारखा नको तितका उत्साही — आणि ज्या आजींच्या तोंडात तो जायचा त्यांनी तर सत्तरी ओलांडलेली, म्हणजे टोक चावून चावून बोथट, कडेला पिवळसर झाक, शेजारच्या दाताशी जुनं भांडण असल्यासारखा किंचित तिरका... असा हवा. तिने फिरता दगड अलगद टेकवला. भुर्रर्र. टोक गेलं. कडेला तपकिरी रंगाचा केसाएवढा एक फराटा ओढला. हं — आता जरा आयुष्य बघितल्यासारखा वाटतोय.

हे तिचं काम. कवळ्या काय सगळेच करतात, पण नवा दात जुना करावा तो हिनेच, असं दातांचे डॉक्टर म्हणायचे, आणि ती आपली मेणाचा वास मुरलेल्या त्या लांबट खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, वर्षानुवर्षं कोऱ्या दातांना वय देत आलेली. गंमतच आहे. बाहेर सगळं जग वय लपवायला धावतंय आणि मी इथे दगड लावलावून वय आणतेय...

आज शनिवार. अर्धा दिवस. आणि दुपारी मोटरसायकल बघायला जायचं.

मोटरसायकल हा शब्द मनातल्या मनात उच्चारतानासुद्धा ती आधी इकडेतिकडे बघून घ्यायची, जणू तो कुणाला ऐकू गेला तर लोक म्हणतील, अहो बाई, हा तुमचा नाही, चुकून तुमच्या पिशवीत आला. बावन्नाव्या वर्षी. केस पुढून पांढरे, वाचायचा चष्मा गळ्यात, चढावर धाप लागते — आणि मोटरसायकल. नणंदेला कळलं तेव्हा ती फोनवर इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी तिलाच ठसका लागला आणि हिनेच तिला पाणी पी म्हणून सांगितलं. मग नणंद म्हणाली, अगं वेडे, माझी स्कूटर पडूनच आहे ना, हलकी आहे, बुटकी आहे, पाय टेकतात, पुढे भाजीची पिशवीसुद्धा राहते, तीच घेऊन जा. यात चुकीचं काहीच नव्हतं. तीच तर पंचाईत होती. स्कूटरविरुद्ध तिच्याकडे एकही मुद्दा नव्हता; फक्त स्कूटर म्हटलं की आत काही हलायचं नाही, आणि ती दुसरी म्हटलं की...

सुरुवात खरं तर नवऱ्याच्या चकरेपासून झाली. कानाच्या आत काहीतरी असतं म्हणे, तोल सांभाळणारं, ते त्याचं बिघडलं. एकदा भर रस्त्यात त्याला सगळं गोल फिरताना दिसलं, तशीच त्याने दुचाकी कडेला घेतली, घेता आली हे नशीब, आणि त्यानंतर डॉक्टरांनी त्याचं चालवणंच बंद केलं. लग्नापासून तो चालवत आलेला. त्याची गाडी विकली त्या दिवशी तो बराच वेळ रिकाम्या जागेवरचा तेलाचा डाग फडक्याने पुसत बसला होता, आणि ती दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या मनात — हे तिने कुणालाच सांगितलं नाही, कशी सांगणार — दुःखाच्या बरोबर मागे, अगदी त्याच्या शेपटाला धरून, एक भलताच विचार उभा होता: मग आता मी?

मग ती शिकली. सगळं गाव आंघोळ उरकतंय तोवर एका मोकळ्या मैदानात शिकवणीची गाडी, लाल शंकूंमधून वळणं, क्लच, गिअर, पुन्हा क्लच. वर्गात सगळी पोरंपोरी, तिला काकू म्हणायची. परीक्षेत काकू पहिल्या फटक्यात पास झाली आणि दोन पोरं शंकूवर गेली. घरी येऊन तिने हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागली तेव्हा लेक म्हणाली, आई, आता शंकूंनाही पाठ झालं.

लेकीनेच ती जाहिरात शोधली होती. लेक म्हणजे आधी घरी पाहुणे आले की दाराआड जाणारी आणि यंदा अचानक शाळेच्या वादविवादात बक्षीस मिळवून सगळ्या जगाला मुद्देसूद उत्तरं देत सुटलेली. तिने फोन आईच्या नाकाजवळ धरला. गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, तारांची चाकं, लांबलचक सपाट सीट. ही खरी जुनी नाहीये हं, लेकीने बजावलं, जुन्या धाटणीची आहे, वरून पन्नास वर्षांपूर्वीची आणि आतून अलीकडची, बटण दाबलं की सुरू, डिस्क ब्रेक, सगळं. वापरलेली आहे, पण चांगली. आणि हिला एकदम हसू फुटलं. म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात, माझ्यासारखाच दगड घेऊन बसलाय...

पण तीन गाड्या बघून झाल्या होत्या, तिन्ही जुन्या धाटणीच्या, आणि तिन्हींवर बसून ती एकच वाक्य म्हणाली होती. मोठी आहे. पहिलीवर बसली, हँडल कुठल्या कुठे, पाय अधांतरी — मोठी आहे. दुसरी, तेच. तिसरी तर इतकी की तिला वाटलं आपण एखाद्या म्हशीच्या पाठीवर बसलोय आणि म्हैस वळून विचारणार आहे, काय काम आहे. प्रत्येक वेळी नवरा मागे उभा, दोन्ही हातांनी गाडी धरून, आणि प्रत्येक वेळी मोठी आहे म्हटल्याबरोबर त्या हातांमधून काहीतरी सैल व्हायचं. ते तिला जाणवायचं, न बघता. तो म्हणायचा, तुझ्या मापाची शिवूनच घ्यावी लागेल, आणि घरी येताना बसमध्ये तो खुशीत असायचा, नेहमीपेक्षा जास्त विनोद करायचा. तिला त्याचा रागही यायचा नाही. ज्याने उभा जन्म पुढे बसून काढला त्याने काय करावं? तिसऱ्या गाडीनंतर ठरलं — ठरलं म्हणजे त्याने म्हटलं आणि तिने मान हलवली — अजून एक बघू, आणि तीही मोठी निघाली तर नणंदेची स्कूटर. तेवढ्यावर विषय बंद.

म्हणून आजची शेवटची. म्हणून हा सुळा आज इतका वेळ खात होता.

...

गाडी पोहायला शिकवणाऱ्या एका सरांची होती. घरामागे फरशी घातलेलं छोटं अंगण, दोरीवर चार टॉवेल, आणि सावलीत ती. सर ताडमाड उंच, खांदे दारातून तिरके काढावे लागतील असे. आयुष्यभर तलावाच्या या काठावरून त्या काठावर ओरडल्यामुळे आवाज असा की घरातलं मांजर ते बोलायला लागले की उठून जात होतं. पाठीचा मणका सरकला, सरांनी सांगितलं, त्यामुळे पाण्यात चालतो मी, गाडीवर नाही. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले की संध्याकाळी एक जण येणार आहे, त्याला जवळजवळ हो म्हटलंय, पण तुमच्या मुलीने फोनवर असा काही मुद्दा मांडला की मला नाही म्हणताच आलं नाही. लेक विनयाने खाली बघत होती. विनय तिला अजून नीट जमत नव्हता.

फोटोत हिरवी दिसली होती. खरी हिरवीच, पण सावलीत जवळजवळ काळी, आणि उन्हाचा एक तुकडा टाकीवर पडला होता तिथे मात्र एकदम ओल्या पानासारखी. डाव्या कुशीला एक पोचा. सीट जाड, तपकिरी, सलग — पुढून मागपर्यंत एकच गादी, मध्ये ना पायरी ना खाच, फक्त एक कातडी पट्टा आडवा, घासून घासून चपटा झालेला. ती नुसती बघत राहिली. आत जे हलायचं ते हललं. अरे नको ना, तिने त्या आतल्या हलणाऱ्याला सांगितलं, तू आधीच हलू नकोस, मग घरी नेताना जड होतं.

“बसा की ताई,” सर म्हणाले. “काठावर उभं राहून पाणी गार आहे की गरम, कसं कळणार?”

नवरा मागे गेला, दोन्ही हातांनी मागची दांडी धरली. लेक फोन काढून बाजूला. तिने पाय टाकला, बसली... आणि झालं. झालंच की. हँडल तिकडे दूर, हात पुरते ताणले तेव्हा बोटं कशीबशी पोचली, खांदे कानांशी आले, आणि खाली पायांचे फक्त चवडे, तेही एकावेळी एकच. मांड्या रुंद फाकलेल्या. गाडी डावीकडे कलली, नवऱ्याने सावरली. त्याचा श्वास तिला मानेवर लागला.

“मोठी आहे,” ती म्हणाली.

सरांना यात काही वावगं दिसलं नाही. मीही तिथेच बसायचो, त्यांनी सांगितलं, मला तर छान जमायचं, पण माझे हात म्हणजे वल्ही. बरं बरं, गाडीवर जबरदस्ती नसते, ते म्हणाले, आणि त्या मोठ्या आवाजात इतकी समजूत होती की तिला रडूच आलं असतं. लेकीने फोन खाली केला. नवरा म्हणाला, चल, उतर हळू, मी धरलंय. आणि पुन्हा ते — हातांमधलं ते सैल होणं — आणि मग बसमध्ये तो विनोद करेल, आणि उद्या नणंदेकडे जाऊ, स्कूटर चांगली आहे, स्कूटरला काय झालंय, हलकी आहे, बुटकी आहे, भाजीची पिशवी राहते, मी काय कुणी आहे का हे असलं... परीक्षेतला तो शंकूंचा रस्ता तरी खरा होता का? खरा होता. तिथे तर मला सगळं पोचत होतं. शिकवणीची गाडी काही लहान नव्हती. मग तिथेच कशी पोचत होते मी? तिथे मागची सीटच नव्हती म्हणा, शंकू ठेवायची पेटी बसवलेली होती मागे, पाठीला टेकायची सारखी...

उतरायचं म्हणून तिने हँडल सोडलं होतं. आणि हात, कुणी न सांगता, जिथे जायची त्यांना सवय तिथे गेले होते. ती बघत राहिली. तिचे दोन्ही हात पट्टा धरून होते.

पट्टा तिच्या पुढे होता.

पुढे. म्हणजे... ती हललीच नाही. हललं तर हे नाहीसं होईल असं वाटलं. मागे बसणाऱ्याने धरायचा पट्टा. मागे बसणारं माणूस तो स्वतःच्या पुढे धरतं. म्हणजे मी — म्हणजे मी मागे बसलेय. कुणीही पुढे बसलेलं नसताना मी मागे बसलेय. पुढे जागा सोडून! त्याच्यासाठी! पहिल्या गाडीवर, दुसऱ्या गाडीवर, त्या म्हशीवर, सगळीकडे मी पाय टाकला आणि तडक माझ्या जागेवर जाऊन बसले, आणि मग तिथून, त्याच्या नसलेल्या पाठीवरून हात लांब करकरून, म्हणत राहिले की गाडी मोठी आहे. आणि याला तरी कसं दिसणार? तो मागे उभा; त्याला मी तिथेच बसलेली दिसण्याची सवय. तिथे नसते तर त्याला खटकलं असतं. तिने या गावातले सगळे रस्ते बाजूने पाहिले होते — दुकानांच्या पाट्या, कुंपणं, बाल्कन्यांमधले कपडे, सगळं उजवीकडून डावीकडे वाहत जाणारं — आणि समोर कायम एक मान, कॉलरची कड, कानामागचा तीळ, नुकतेच कापलेले केस. वाईट नव्हतं ते. तिला ती मान आवडायची. तिला ती अजूनही आवडते. पण इतकी वर्षं रस्ता समोरून कसा दिसतो याची चौकशीसुद्धा तिने केली नव्हती, आणि आता हसू असं काही उसळून आलं की ओठ घट्ट मिटावे लागले, कारण हसून तोल गेला असता तर सगळंच मुसळ केरात.

तिने पट्टा सोडला. हँडलकडे वाकली आणि सरकली. फार नाही, वीतभर. कातडं कुरकुरलं. गादी पुढे निमुळती होती, मांड्या आपोआप आत आल्या, आणि पाय — दोन्ही, टाचांसकट — फरशीवर. हँडल समोर येऊन उभं. कोपरांत हलकासा बाक. जणू गाडीच इतका वेळ म्हणत होती, या ना, पुढे या, दारात काय उभ्या आहात.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही. पुढे सरकले.”

एवढंच ती म्हणाली. बाकीचं सांगायला एक अख्खी संध्याकाळ लागली असती, आणि शब्दही बहुधा भलतेच आले असते. पण मागे वळून पाहिलं तेव्हा तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता तिच्या मागच्या त्या रिकाम्या जागेकडे, पट्ट्याच्या पलीकडच्या; आणि त्याच्या चेहऱ्यावरून आधी एक न समजणं गेलं, मग समजणं, मग पुष्कळ काही एकदम, तेलाचा डाग पुसताना होतं तेही. आत्ता जर हा म्हणाला, नको, तर मी काय करीन... उतरेन? खरंच उतरेन? आणि तिला कळलं की हा प्रश्न तिने स्वतःला विचारला खरा, पण उत्तराची वाट न बघताच तिच्या अंगठ्याने उजव्या मुठीजवळचं सुरू करायचं बटण शोधून ठेवलंय.

तो खाकरला. मग नेहमीच्या, बसमधल्या आवाजात, पण जरासा घोगरा होऊन, सरांना म्हणाला, “सर, मागचं शॉकअप जरा कडक करून मिळेल का? मागे बसणारं माणूस वजनदार आहे.”

लेक फसकन हसली. सर इतके मोठ्याने हसले की आतल्या खोलीत मांजराने काहीतरी पाडलं. आणि नवऱ्याने मागची दांडी सोडली. दोन्ही हातांनी सोडली. तिला ते या वेळी सैल होण्यासारखं नाही वाटलं, ठेवून देण्यासारखं वाटलं, जड पिशवी इतक्या लांबून आणून ओट्यावर ठेवतात तसं. गाडी आता फक्त तिच्या पायांवर उभी होती. जड होती. बाप रे, जड होती! पण हे जड होणं वेगळं. हे मोजता येत होतं, अंगाने, डावीकडे इतकं, उजवीकडे इतकं.

सरांनी हेल्मेट दिलं आणि अट घातली: गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, परत यायचं. आणि खाली नाही बघायचं, ताई, पोहताना खाली बघणारा बुडतो. लेक म्हणाली मी मागून पळत येते. बापाने तिचा दंड धरला.

बटण दाबलं. धड्-धड्-धड्-धड्... एखाद्या ढेरपोट्या माणसाला झोपेतून उठवावं आणि त्याने न चिडता, कोण आहे, म्हणावं, तसा तो आवाज. क्लच. पहिला. फाटकातून बाहेर.

आणि रस्ता.

समोरून! कुणाच्या मानेवाचून! दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच वेळी, झाडं जोडीजोडीने, आणि मधोमध ती राखाडी पट्टी जी सरळ तिच्याकडेच येत होती, येतच होती, पायांखाली शिरत होती आणि संपत नव्हती. मी चालवतेय, ती म्हणाली, मोठ्याने, हेल्मेटच्या आत, आणि काच धुरकटली. दुसरा टाकला. एक कुत्रा उठून बसला. कडेने सायकलवर चाललेल्या एका म्हाताऱ्याने हिच्याकडे पाहिलं आणि हिला वाटलं आता हसेल, पण त्याने नुसती मान डोलावली, एका वाहनवाल्याने दुसऱ्याला बघून डोलवावी तशी, आणि पुढे गेला. बस्स. इतकं साधं? तिसरा — कर्रर्र. अडला. पुन्हा. गेला. हं? टाकीच्या वळशाला दुसरा, बाहेर पडल्यावर तिसरा: पुन्हा अडला. आणि ब्रेक लावला की नाक खाली घालते ही, जरा जास्तच. आणि डावीकडे ओढतेय का? हात सैल केला, अगदी सैल नाही, कल्पनेत सैल... हो, ओढतेय. तो पोचा काही उभ्या उभ्या पडलेला नाही. सर, सर, तुम्ही हिला पाडलीये.

आणि मग तिला असा आनंद झाला, असा काही, की ती गल्लीत मधेच कडेला थांबली, दोन्ही पाय टेकून, इंजिन चालू ठेवून. तिला गाडीची खोड कळली होती! गाडीची. गिअर अडतो हे तिच्या उंचीमुळे नव्हतं, वयामुळे नव्हतं, ती कोण आणि कितपत आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. गिअर अडतो कारण गिअर अडतो. घ्यावी का ही? हिरवी तर अशी की बघत राहावं. दुरुस्त होईल का? विचारायला हवं. सर खरं सांगतील का? मांजराला विचारावं. आणि नसेल होत दुरुस्त तर... तर नाही म्हणता येईल. संध्याकाळी येणारा तो घेईना का. आपण पाचवी बघू, सहावी बघू, त्या तिन्हींवरसुद्धा पुन्हा एकदा जाऊन बसू, या वेळी नीट. म्हैस अजून विकली गेली नसेल तर तिचीही माफी मागून टाकू.

फाटकाशी तिघं उभी होती. सर कमरेवर हात देऊन. लेक टाचा उंचावून. आणि नवरा दोघांच्या जरा पुढे, रस्त्याच्या कडेपर्यंत आलेला, डोळ्यांवर हाताची सावली धरून. ती हळू येत त्यांच्यासमोर थांबली. तिने काच वर केली. कशी आहे, हे तिघांच्याही तोंडावर होतं, पण कुणी विचारायच्या आतच तिला इतकं सगळं सांगायचं होतं — तिसऱ्याचं, नाकाचं, डावीकडच्या ओढीचं — की कुठून सुरू करावं ते कळेना, आणि कळत नव्हतं ही काही अडचण वाटत नव्हती, आणि इंजिन खाली आपलं शांतपणे धडधडत होतं, तिने अजून ते बंद केलेलं नव्हतं.